पुण्यात राहून गिटारवर पोट भरायचं असेल तर

"हिला गिटारमध्येच करिअर करायचंय म्हणते. होतं का हो त्यात काही?" दहावी-बारावीचे निकाल लागले की असे आई-वडील मुलांना घेऊन माझ्या कोथरूडच्या घरी येतात. होतं. मी पंचवीस वर्षांहून जास्त काळ याच कामावर घर चालवते आहे. आधी दुसऱ्यांच्या गाण्यांना साथ केली, मग नाटकांना आणि जाहिरातींना चाली दिल्या, आणि आता घरातल्या दहा बाय अकराच्या खोलीत इतरांची गाणी रेकॉर्ड करते, त्यांची निर्मिती सांभाळते. त्या पालकांना चहा होईपर्यंत जेवढं सांगून होतं ते पुरेसं नसतं, म्हणून इथे नीट लिहिते.

एक गोष्ट आधी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपल्याकडे गायक जागा घेतो, म्हणजे ओळीत सुरांची छोटी नक्षी करतो. साथीदाराने त्यासाठी जागा सोडायची असते. गिटारला सहा तारा, हाताच्या एका फटक्यात सगळ्या वाजतात, त्यामुळे नव्या वादकाचा हात सगळं भरून टाकायला धावतो. कुठे थांबायचं हे ज्याला कळतं त्याला पुन्हा बोलावणं येतं. चाल बांधताना आणि दुसऱ्याचं गाणं रेकॉर्ड करतानाही मला हीच सवय कामी आली.

वाद्याबद्दल थोडंच

पहिलं वाद्य महाग नसलं तरी चालेल, पण त्याची वरची फळी अखंड लाकडाची हवी, प्लायची नको. दुकानात बाराव्या पडद्यावर (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) तारेला नुसता स्पर्श करून हार्मोनिक वाजवा, मग तिथेच तार दाबून तोच सूर वाजवा. दोन्ही जुळले नाहीत तर गिटार परत ठेवा, मग ती दिसायला कितीही देखणी असो. बाराव्या पडद्यापाशी सगळ्यात जाड तार अडीच मिलिमीटरच्या आसपास उंच असावी. त्याहून फार वर असली तर सहा महिन्यांत बोटं आणि मन दोन्ही थकतात.

पुण्याची हवा अखंड लाकडाला सोपी नाही. मार्च ते मे ती इतकी कोरडी होते की फळी आकसते. जुलै-ऑगस्टमध्ये तीच फळी फुगते आणि तारा वर येतात. माझ्या पहिल्या चांगल्या गिटारला एका एप्रिलमध्ये ब्रिजपासून, म्हणजे तारा अडकवायच्या पट्टीपासून, खालपर्यंत चीर गेली. पंख्याखाली भिंतीला टेकवून ठेवली होती, बाकी काही झालं नव्हतं. तेव्हापासून वाद्य कडक केसमध्ये, केसमध्ये छोटा आर्द्रतामापक, आणि आकडा ४५ ते ५५ टक्क्यांमध्ये. उन्हाळ्यात भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला, घट्ट पिळलेला स्पंज ठेवते. पावसाळ्यात त्याच जागी सिलिका जेलच्या पुड्या.

साथ

पहिली कामं साथीचीच मिळतात. दिवाळी पहाट, सोसायटीची कोजागिरी, मंडळांचे भावगीतांचे कार्यक्रम, कॉलेजचे गट. माझी पहिली बिदागी ३०० रुपये होती, सदाशिव पेठेतल्या एका मंडळाच्या मांडवातली. पाकीट आईच्या हातात दिलं तेव्हा तिने ते देवापुढे ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी त्यातून मला तारांचा नवा संच आणायला पाठवलं.

तिथे तुम्हाला कुणी 'सी शार्प' म्हणणार नाही. गायक म्हणेल, "काळी एक." ही भाषा पहिल्याच आठवड्यात पाठ करा. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक सी शार्प, पांढरी दोन डी, काळी दोन डी शार्प, असं पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, मोजत जायचं. काळी तीन एफ शार्प, काळी चार जी शार्प, काळी पाच ए शार्प. पुरुष बहुधा काळी एक-दोनच्या आसपास गातात, बायका काळी चार-पाचच्या. काळी एकला कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) पहिल्या घरात लावून सीचे आकार, म्हणजे सीच्या पट्टीतले कॉर्ड, वाजवता येतात, किंवा चौथ्या घरात लावून एचे. काळी चारला पहिल्या घरात जीचे, नाहीतर चौथ्यात ईचे. प्रत्येक पट्टीला, म्हणजे गायकाच्या प्रत्येक 'सा'ला, असे दोन मार्ग हवेतच. शेजारी पेटी असेल तर तिचा आवाज मधल्या सप्तकात पसरलेला असतो. अशा वेळी मी कॅपो वर नेते आणि खालची गर्दी टाळते. पेटी नसेल तर खालचे आकार घेऊन तीच पोकळी भरते.

पेटीचे सूर कार्यक्रमात बसल्या जागी बदलता येत नाहीत, आणि जुनी पेटी ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरावर असेलच असं नाही. म्हणून गिटार पेटीला लावायची, मोबाइलमधल्या ट्यूनरला लावायची नाही. मांडवात पोचल्यावर तबलजींच्या शेजारी बसा. तेही त्याच पेटीवर तबला लावत असतात, तेवढ्यात तुमचंही होतं.

रागाचं भान हा सगळ्यात मोठा भाग. मी त्यासाठी किंमत मोजली आहे. एका ज्येष्ठ गायकांच्या मालकंसातल्या अभंगाला मी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, सा-पचा भरीव पॉवर कॉर्ड लावला. मालकंस रागात पंचम, म्हणजे प, वर्ज्य. तो लावायचाच नसतो. त्यांनी गाणं थांबवलं नाही, फक्त माझ्याकडे न बघता तळहात खाली केला. उरलेला अभंग मी गिटार मांडीवर घेऊन, न वाजवता ऐकला. घरी येऊन वही काढली आणि एकेक राग लिहायला घेतला: वर्ज्य स्वर कोणते, त्यात बसणारे कॉर्ड कोणते. ती वही अजून वापरात आहे. पांढरी एकचा मालकंस आला तर एफ मायनर आणि ए फ्लॅट मेजर हे दोन कॉर्ड हाताशी असतात, दोन्हींत पंचम येत नाही. त्याच पट्टीतल्या यमनात एफ मेजर बाद, कारण त्यात शुद्ध मध्यम आहे, पण डी मेजर खुलून बसतो कारण त्यात तीव्र मध्यम आहे. ऐन वेळी शंका आली तर सा एकटा धरून ठेवा. तशी वही तुम्हीही करा, आणि जमलं तर दोन वर्षं गाणं शिका. स्टेजवर गायचं नसलं तरी शिका. गाऊन बघितल्याशिवाय गायक श्वास कुठे घेतो ते हाताला कळत नाही.

ठेक्याचंही तसंच. आठ मात्रांचा केरवा वाजताना डग्ग्याकडे, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या खर्जाच्या वाद्याकडे, कान द्या. पाचव्या-सहाव्या मात्रेला, 'खाली'ला, म्हणजे तालाच्या रिकाम्या भागाला, तो मिटतो आणि सातव्या 'धिं'ला परत बोलतो. तुमचा अंगठा जाड तारांवर याच हिशोबाने चालला पाहिजे. डग्गा मिटलेला असताना तुम्ही जाड तार वाजवलीत तर 'खाली' रिकामी राहत नाही, आणि तबलजी नाराज होतात. का ते सांगत बसत नाहीत, पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला तरी बोलवा म्हणतात. दादऱ्याच्या सहा मात्रा आणि रूपकाच्या सात यांचा सराव मेट्रोनोमवर न करता तबल्याच्या ठेक्याबरोबर करा.

चाली

आपण संगीतकार आहोत हे आपल्याला कुणीतरी काम दिल्यावरच कळतं, आणि पुण्यात ते पहिलं काम बहुतेक नाटकवाले देतात. कॉलेजांच्या फिरोदिया करंडक स्पर्धेतल्या संघांना रंगमंचावर प्रत्यक्ष वाजवणारे लोक लागतात. १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकांना थोडंच, पण अगदी नेमकं संगीत लागतं. शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचावर प्रायोगिक नाटकं होतात. तिथे शेवटच्या रांगेतही तारेवरून घसरलेलं बोट ऐकू येतं. लॉ कॉलेज रस्त्यावर, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात, फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तिथल्या विद्यार्थ्यांच्या लघुपटांना संगीत लागतं, आणि ध्वनीचं शिक्षण घेणारी मुलं तुम्हाला माइकबद्दल जे शिकवतील ते फुकट मिळणारं मोठं शिक्षण आहे. मी तिथे चार लघुपट केले. पैसे जेमतेम प्रवासखर्चाचे होते, पण माइक कुठे ठेवायचा ते तिथे शिकले.

नाटकाचं काम घेतलंत तर पहिले आठ दिवस गिटार घरी ठेवून तालमीला जा. नुसतं बसा. नट कुठे थांबतात, दिग्दर्शक कुठे 'परत घ्या' म्हणतो ते वहीत टिपा. मी पहिल्या नाटकाला बावीस तुकडे बांधून नेले होते. प्रयोगात सात राहिले आणि त्या सातांत एकाला फक्त तीन सूर होते. तो तीन सुरांचा तुकडा ऐकून पुढची दोन नाटकं आली.

खोली आणि माइक

स्टुडिओ उभारायला फार पैसा लागतो हा समज सोडा. लागते ती शांत खोली, आणि खोली शांत करणं बरंचसं वेळेवर अवलंबून असतं. आमच्या सोसायटीत दुपारी एक ते चार सगळे झोपतात. ना बेल वाजते ना मुलं खेळतात. माझी सगळी महत्त्वाची रेकॉर्डिंग्ज त्या तीन तासांत होतात. गणपतीच्या आधी दोन महिने संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो. नदीपात्रापासून बरंच लांब असूनही ढोलाचा खालचा सूर भिंतीतून येतो, म्हणून त्या दिवसांत सहानंतर कुणाला बोलवत नाही. पंखा बंद, इन्व्हर्टर बंद, फ्रिज बंद. फ्रिज बंद केला की स्कूटीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे घराबाहेर पडायच्या आधी तो चालू करायची आठवण राहते.

भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवू नका. त्याने वरचा थोडा चिरका आवाज कमी होतो, खालचा घुमारा जसाच्या तसा राहतो आणि खोली कोंदट वाटू लागते. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून पट्ट्या कापून आणा, चौकटी ठोका, आत चार इंच जाडीचं रॉकवूल (दगडी तंतूंची गादी) भरा, वर साधं कापड ताणा, आणि सगळ्यात आधी खोलीचे चारही कोपरे झाका. घुमारा कोपऱ्यांत साठतो. माझ्याकडे सुरुवातीला अशा दोनच चौकटी होत्या. बाकी जागी कपडे वाळत घालायच्या स्टँडवर आजीच्या जाड गोधड्या टांगल्या होत्या. त्या गोधड्या अजून आहेत आणि गायकाच्या पाठीमागे अजून त्याच लागतात.

केबल तपकीर गल्लीत जाऊन सुटी घ्या, कनेक्टर वेगळे घ्या, डाग द्यायला, म्हणजे सोल्डरिंग करायला, शिका. तयार केबल ऐन वेळी खरखरली की काम अडतं. स्वतः जोडलेली पाच मिनिटांत दुरुस्त होते.

गिटारचा माइक साउंडहोलसमोर, म्हणजे मधल्या गोल भोकासमोर, ठेवू नका. पोटातली हवा तिथून बाहेर येते आणि १०० हर्ट्झच्या आसपास घुमते. बाराव्या पडद्यासमोर एक वीत अंतर धरा, माइक किंचित आतल्या बाजूला वळवा, आणि मग कान लावून बोटभर पुढे-मागे करत राहा. मी या एका कामावर अर्धा तास घालवते. दुसरा माइक असेल तर तो ब्रिजच्या मागच्या भागासमोर ठेवा, आणि दोन्ही एकत्र करून मोनोत, म्हणजे एकाच वाहिनीवर, ऐका. आवाज बारीक, पोकळ झाला तर दुसऱ्या माइकची जागा बदला. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर घ्या. सगळ्यात जोराचा फटका उणे १० ते उणे १२ डेसिबलच्या पुढे जाऊ देऊ नका. नव्या तारा आदल्या दिवशी चढवा, त्याच दिवशी चढवल्या तर त्या उतरत राहतात. आणि वाजवताना खळखळणारा कुर्ता किंवा बांगड्या नकोत. माझ्या एका जुन्या रेकॉर्डिंगमध्ये बांगडी ऐकू येते, आणि ती मला आजही त्या गाण्यापेक्षा आधी ऐकू येते.

दुसऱ्याचं गाणं

अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोमध्ये, विल अ‍ॅकरमन सुतारकाम आणि घरबांधणीची कामं करायचे. मित्रांकडून पाच-पाच डॉलर गोळा करून १९७६ मध्ये त्यांनी स्वतःच्या गिटारवादनाची तबकडी काढली, आणि त्यातून विंडहॅम हिल ही कंपनी उभी राहिली. पियानोवादक जॉर्ज विन्स्टन, गिटारवादक मायकल हेजेस यांच्या तबकड्यांचे निर्माते तेच. पुढे कंपनी विकून ते व्हरमाँटमधल्या आपल्या स्टुडिओत इतरांचं संगीत रेकॉर्ड करत राहिले, आणि २००५ च्या ग्रॅमी सोहळ्यात त्यांच्या स्वतःच्या गिटारच्या अल्बमला पारितोषिकही मिळालं. त्यांच्याबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तिशीत होते आणि निर्माता म्हणजे पैसे घालणारा असंच समजत होते. गिटार हातातून न सोडता माणूस निर्माता होऊ शकतो, हे मला त्यांच्यामुळे कळलं.

निर्मात्याचं काम म्हणजे निर्णय घेणं, आणि समोरच्याला त्या निर्णयाचं ओझं न वाटू देणं. गायिका आली की मी आधी तिला बोलतं करते आणि तेवढ्यात तिच्या आवाजाची पट्टी ऐकते. रियाजात काळी पाच गाणारी मुलगी प्रवासाने थकून आली असेल तर काळी चारला बसते, आणि हे ती स्वतः सांगत नाही. हेडफोनमध्ये तानपुरा आधी, गिटार नंतर आणि कमी. एका कानावरून हेडफोन सरकवू द्या, नाहीतर सूर ढळतो. पहिले तीन टेक, म्हणजे गाण्याची तीन सलग रेकॉर्डिंग्ज, न थांबवता घ्या. मध्येच थांबवून चूक सांगितली की चौथ्या टेकमध्ये फक्त ती चूक दुरुस्त होते आणि गाणं निघून जातं. मग बाजूला बसून ऐका, आणि ज्यात शब्द कळतात तो निवडा. सुराची बारीक उणीव मी कितीतरी वेळा तशीच ठेवली आहे, कारण त्या टेकमध्ये बाई खरं सांगत होती.

मिक्सिंगमध्ये गिटारचा २०० हर्ट्झच्या आसपासचा भाग थोडा खाली करा. गिटारचा घुमारा तिथे आवाजाला झाकतो. शेवटी फोनच्या स्पीकरवर ऐका, कारण बहुतेक लोक तिथेच ऐकणार आहेत.

कागद

एका कंपनीच्या जाहिरातीला मी चाल दिली होती. एका पानाचा करार होता, त्यात 'सर्व हक्क कायमस्वरूपी' असं लिहिलेलं होतं, आणि मी वाचून सही केली, कारण ८००० रुपये समोर होते. ती चाल पुढे कित्येक वर्षं वाजत राहिली. मी रिक्षात बसून ती ऐकली आहे. मला राग आला होता आणि अजून येतो, म्हणून हा भाग सांगितल्याशिवाय मी कुणाला सोडत नाही.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, आणि २०१२ च्या दुरुस्तीने संगीतकार-गीतकारांना मोठं बळ दिलं. हक्क कुणाला द्यायचा तर तो लेखी द्यावा लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणून मुदत आणि प्रदेश हे दोन शब्द आधी शोधा. दुरुस्तीनंतर संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा करारातून सहज काढून घेता येत नाही, तो वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. संगीतकार आणि गीतकारांसाठी आयपीआरएस ही रॉयल्टी गोळा करून देणारी सोसायटी १९६९ पासून आहे. पहिली चाल प्रसिद्ध झाली की तिचं सभासदत्व घ्या आणि प्रत्येक चाल तिथे नोंदवा. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. गाणी ऑनलाइन पोचवणारे वितरक तो देतात, तुम्ही तो वहीत उतरवून ठेवा.

आणि रेकॉर्डिंगच्या दिवशीच, सगळे खोलीत असताना, एका कागदावर लिहा: शब्द कुणाचे, चाल कुणाची, कुणाचा किती टक्के वाटा, खाली सह्या. मित्रांबरोबर तर नक्कीच. गाणं चालायला लागल्यावर हा कागद करायला बसलं की मैत्री अवघड होते.

पैशाचं एवढंच: कार्यक्रम ठरतानाच निम्मी रक्कम घ्या, बिल द्या, कापलेल्या टीडीएसचा हिशोब ठेवा. सुरुवातीची पाच-सहा वर्षं शिकवण्या सोडू नका. मी आजही आठवड्यातून दोन संध्याकाळी शिकवते, आणि ते आता केवळ पैशासाठी नाही.

शेवटची सवय माझ्या कामात सगळ्यात उपयोगी पडली आहे. प्रत्येक टेकच्या आधी माइकवर स्वतःच्या आवाजात बोला: तारीख, गाणं, पट्टी, लय, कॅपोचं घर, माइकचं अंतर. फाइल दोन हार्ड डिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी. माझी दुसरी डिस्क बहिणीकडे सिंहगड रस्त्याला असते. मागच्या वर्षी एक गायिका चार वर्षांपूर्वीचं गाणं घेऊन आली. एका ओळीतला शब्द बदलायचा होता. फाइल उघडली तर माझाच आवाज आला, "काळी चार, कॅपो चौथ्या घरात, लय बहात्तर, माइक दीड वीत." गिटार लावली, माइक दीड वितीवर ठेवला, गोधडी टांगली. सोसायटी उठायच्या आत ओळ बदलून झाली होती.